शेरा मारून सादर

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांच्या लिखाणावर शेरे मारण्यात घालवली. सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे उलगडून सांगायला नको. नस्ती टेबलावर येते, तिच्यात कुणीतरी चार पानांची टिपणी लिहिलेली असते, आणि आपण समासात दोन शब्द लिहून ती पुढे सरकवायची असते. 'पाहिले.' 'सहमत.' 'तपासून फेरसादर करावे.' आणि सगळ्यांत गुणकारी, 'चर्चा करावी.' हा शेरा मारला की चर्चा कधीच होत नाही, आणि साहेबांनी काही केलं नाही असंही कुणाला म्हणता येत नाही.

निवृत्त झालो तेव्हा नस्त्या थांबल्या, हाताची सवय थांबेना. वाण्याच्या यादीवर एकदा 'सहमत' लिहिलं, तर सौभाग्यवतींनी यादी आणि पिशवी दोन्ही माझ्या हातात दिली. मग मी पुस्तकांकडे वळलो. तशीही वर्तमानपत्रांतली पुस्तक-परीक्षणं वाचताना माझा हात शिवशिवायचा. पहिले दोन परिच्छेद परीक्षकाच्या स्वतःच्या बालपणाबद्दल, मधले तीन पुस्तकाच्याच प्रस्तावनेतले, आणि शेवटी 'मुद्रणदोष वगळता पुस्तक संग्राह्य'. एवढ्या मजकुरात पुस्तक वाचावं की नाही ते कळत नाही. कचेरीत असली टिपणी मी बिनदिक्कत परत पाठवली असती. तेव्हा बँकेकडून फुकट येणाऱ्या डायरीत मी वाचलेल्या पुस्तकांवर शेरे लिहायला घेतले. शेरा समासात मावला पाहिजे, एवढाच नियम.

सुरुवातीला डायरीत सगळी भारदस्त मंडळी होती. पुढे लेकीने दुपारची नातवंडं आमच्याकडे सोपवली आणि डायरीत मुलांची पुस्तकं घुसली. नात चौथीत आहे, नातू अजून 'ळ' काढताना जीभ बाहेर काढतो. या दोघांच्या परीक्षणशास्त्रात दोनच शेरे आहेत: 'परत' आणि 'बास'. 'परत' म्हणजे पहिल्या पानापासून पुन्हा, एकही ओळ न गाळता. गाळली तर पकडलं जातं. 'बास' म्हणजे बास. 'तसं बरं आहे, पण मध्यंतरी रेंगाळतं' असली मधली वाट तिथे नाही.

नातवासाठी घरात पहिल्यांदा आलं ते माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. लिहितात त्याच आणि चित्रंही काढतात त्याच, त्यामुळे मजकूर पूर्वेला आणि चित्र पश्चिमेला असा प्रकार नाही. या पुस्तकांत घडत काही नाही. राधा आपल्या घरातली माणसं दाखवते, बस्स. कुणी हरवत नाही, कुणाची खोड मोडत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी उभ्याउभ्या पुस्तक चाळलं आणि विचारलं, "यात मुलांनी शिकायचं काय?" नातवाला हा प्रश्न पडलेला नाही. तो मजकुराकडे ढुंकूनही न बघता चित्राच्या कोपऱ्यांत शिरतो. चित्रात चप्पल दिसली की ती कुणाची हे ठरल्याशिवाय पान उलटू देत नाही. भांडं दिसलं की 'हे आपल्याकडे आहे' किंवा 'हे आपल्याकडे नाही' असा निर्णय होतो. नसलं तर आजीकडे मागणी नोंदवली जाते. एका पानावर आम्ही भाजी निवडून होईपर्यंत थांबलो होतो, आणि भाजी मेथीची होती.

'हात मोडला', 'मोठी शाळा', 'काकूचं बाळ'. या बाईंच्या पुस्तकांची नावंच बघा. नावावरून आत काय आहे ते कळतं, आणि आत गेल्यावर तेच असतं. मुलाच्या आयुष्यात हात मोडणं ही महायुद्धाच्या तोडीची घटना असते. तिच्यासाठी राजकन्या आणि राक्षस बोलावून आणायची गरज नसते, हे त्यांना नीट माहीत आहे. 2016 साली मुलांच्या पुस्तकांसाठी 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू झालं, तेव्हा पहिल्याच वर्षी ते त्यांना मिळालं. नातवाला पुरस्काराचं काही नाही. त्याचा शेरा 'परत'. माझाही. डायरीत लिहिलंय: 'मुलाशी बोलताना बाई कुठेही वाकत नाहीत. सहमत.'

नातीसाठी मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर बसला की वाऱ्याशी पैज लावणारा, राम वाईरकरांनी काढलेल्या चित्रांत नुसता काटकुळा आणि सगळाच्या सगळा पुढे झुकलेला. डोक्यात काही चमकलं की याच्या तोंडून 'ट्टॉक्' असा आवाज निघतो. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला तो काढावाच लागतो, आणि मला तो विनासायास येतो, कारण माझी वरची कवळी जरा सैल आहे. नातीने सोसायटीत सांगून ठेवलंय की आमच्या आबाला ओरिजिनल ट्टॉक् येतं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घट्ट करून देऊ म्हटलं, तर ही मध्ये पडली. "पुस्तकं संपेपर्यंत नाही," तिने त्यांना बजावलं. फास्टर फेणेची पुस्तकं वीस आहेत. डॉक्टरांनी पुढची तारीख दिलेली नाही.

पण तिचे आक्षेप कडक. चोर गुहेत, फेणे गुहेच्या तोंडाशी, मी आवाज बारीक केलेला, आणि ही म्हणते, "आबा, तो फोन का नाही करत?"

"तेव्हा फोन नव्हते गं. म्हणजे होते, पण खिशात नव्हते."

"मग त्याच्या आईला कसं कळायचं तो कुठे आहे ते?"

"नाही कळायचं."

"आणि शाळेला?"

"शाळेलाही नाही."

ती थोडा वेळ गप्प. मग हळूच, "म्हणजे कुणालाच माहीत नाही तो कुठे आहे ते? आणि चालायचं?"

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "बाबा, तिच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका हं."

गुहा, चोर, पाठलाग यांतलं काहीही नातीला विशेष वाटलं नाही. एक मुलगा सायकल काढून जातो आणि तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, ही तिच्या लेखी त्या पुस्तकातली परीकथा. तिला शाळेची बस थांब्यावर येण्याआधी मोबाइलवर दिसते, क्लासला पोचल्याचा मेसेज जातो, सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा आहे. फुरसुंगीची तरी काय गत! आज पुण्यात फुरसुंगी म्हटलं की लोकांना कचरा डेपो आठवतो, आणि तिथून शहरात सायकलने यायचं म्हणजे खरोखरच साहसकथा होईल.

भागवतांच्या बाबतीत मी निःपक्षपाती नाही, हे नोंदवून ठेवतो. 1951 साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढलं. ज्यूल व्हर्नला त्यांनी असा काही मराठीत आणला, की आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तो गृहस्थ फ्रेंच होता हे मोठेपणी कळलं. लुइस कॅरॉलच्या ॲलिसची त्यांनी 'जाई' केली आणि बिळात धाडली. पुस्तकातला किडा असलेल्या एका पोराला तर थेट डिटेक्टिव्ह केलं आणि नाव ठेवलं बिपिन बुकलवार. त्यांची वाक्यं बसून राहत नाहीत. एक वाक्य संपायच्या आत पुढच्याने धाव घेतलेली असते. आता वाचताना काही योगायोग अंगावर येतात. पोरगा नेमका तिथेच कसा पोचतो, आणि चोर नेमके मोठ्याने कट का करतात? नात म्हणते, "आबा, नाहीतर गोष्ट कशी होणार?" या उत्तरावर नस्ती बंद करणं भाग आहे.

'श्यामची आई' आमच्या कपाटात एकापेक्षा जास्त प्रतींत आहे, आणि त्यांतली एकही कुणी विकत आणलेली नाही. वक्तृत्वात दुसरा क्रमांक, हस्ताक्षर स्पर्धा, स्कॉलरशिप, मौंज: महाराष्ट्रात मुलाने काहीही केलं तरी 'श्यामची आई' मिळते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात झपाट्याने लिहून काढलं, 1935 साली ते छापून आलं. यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हणत नाहीत, 'रात्र' म्हणतात. अशा बेचाळीस रात्री. नातीला एवढ्यावरच ते आवडलं. 'आज कितवी रात्र?' हे विचारण्यात जी ऐट आहे ती 'आज कितवा धडा?' मध्ये नाही.

मोठी माणसं हे पुस्तक संस्कारासाठी भेट देतात. नात ते वेगळ्याच कामासाठी वाचते. श्याम विहिरीत उडी मारायला घाबरून माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने झोडपून पोहायला पिटाळते, ती रात्र आली. वाचता वाचता माझा गळा दाटून आला, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. बघतो तर नात ताठ बसलेली.

"आबा, तिने त्याला मारलं?"

"हो, पण त्याच्या भल्यासाठी…"

"मारलं ना पण? आमच्या शाळेत ते चालत नाही. कंप्लेंट करता येते."

मी तिला त्या काळाबद्दल, त्या आईच्या गरिबीबद्दल, लोकांनी मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून तिच्या जिवाच्या झालेल्या घालमेलीबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. श्याम सारखा का रडतो, हाही एक उपप्रश्न आला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून पुस्तक घेऊन आली आणि पुढची रात्र काढून बसली. ती आई तिला पूर्ण मान्य नाही. तिच्याशी तिचं भांडण आहे, आणि भांडण पुढे चालवायचं म्हणून ती वाचते. बक्षीस म्हणून मिळालेल्या प्रती कोऱ्या राहतात, त्या पानांवर कुणी भांडलेलं नसतं. डायरीत शेरा: 'चर्चा करावी.' आणि आयुष्यात प्रथमच त्या शेऱ्यावर खरोखर चर्चा चालू आहे.

तात्पर्य ही भानगड मराठी मुलांच्या मागे फार आधीपासून लागलेली आहे. एकोणिसावं शतक उगवता उगवता तंजावरच्या सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापवून घेतल्या. पुढे सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' आलं, मुळात फ्रेंच, वाटेत इंग्रजी करून मराठीत पोचलेलं. म्हणजे आपली बालवाङ्मयाची सुरुवातच पाहुण्यांच्या गोष्टींनी झाली, आणि पाहुण्यांनी जाताना उपदेश ठेवून जावा ही रीतही तेव्हाच पडली. माझ्या लहानपणी गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य असायचं आणि आम्ही आधी तेच वाचून टाकायचो, म्हणजे गोष्ट निवांत वाचता येते. नातीची पद्धत अशी, की गोष्ट संपली की पान उलटायचं. "ते खालचं?" मी विचारलं. "ते टीचरसाठी असतं."

चांदोबाला यातून वगळायला हवं. चांदोबात उपदेश पुष्कळ असे, पण तो राक्षसांच्या गर्दीत सापडत नसे. मद्रासहून 1947 च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक निघालं, 1952 मध्ये मराठी चांदोबा आला. काही गोष्टींत देवळांची गोपुरं दाक्षिणात्य आणि माणसांची नावं मराठी असत, त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान, असा विक्रमराजा शंकर नावाचे चित्रकार काढत. ते 2020 साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले, आणि तोपर्यंत तो राजा चालतच होता, अजूनही पोचलेला नाही.

लहानपणी मला त्या राजाची भीती वाटायची. नोकरीला लागल्यावर त्याच्याविषयी निव्वळ आपुलकी वाटू लागली. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. कार्यासनावर आलेली प्रत्येक अवघड नस्ती अशीच असते: अभिप्राय दिला नाही तर ठपका, दिला तर 'फेरसादर' होऊन ती पुन्हा आपल्याच झाडाला लटकलेली. राजा मात्र हट्ट न सोडता पुन्हा झाडाकडे जातो. रजा टाकत नाही, बदली मागत नाही. नातवाला जुन्या अंकातलं ते चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ बघून विचारलं, "तो त्याला पाठुंगळी का घेत नाही?" वाहतुकीच्या दृष्टीने सूचना अगदी योग्य आहे.

मुलांसाठी लिहायला कोण कधी येईल सांगता येत नाही. जी. ए. कुलकर्णी म्हटलं की मी दिवा लावून बसतो. नियती, अंधार, माणसाच्या वाट्याला येणारं वाळवंट. त्या धारवाडच्या प्राध्यापकांनी 'बखर बिम्मची' लिहिली आहे, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी ते पुस्तक मिळवावं आणि मग उरलेलं हे वाचावं. बिम्म नावाचा छोटा मुलगा, त्याची बहीण बब्बी, आणि त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारे पशुपक्षी. एवढाच संसार. बखर म्हणजे राजेरजवाड्यांची. ती एका चिमुरड्याच्या नावे लिहायची आणि तिचा थाटही सांभाळायचा, हा खेळ जी.एं.नी मनापासून खेळला आहे. नातवाला त्यातली निम्मी वाक्यं कळत नाहीत. पण बिम्म मोठ्या माणसांपुढे मुळीच गांगरत नाही एवढं त्याला कळतं, आणि वाचताना माझ्या चेहऱ्याकडे बघून तोही हसतो. हसण्याच्या जागा मी ठरवतो की तो, ते अजून स्पष्ट झालेलं नाही.

त्याच्या अगदी उलट प्रकरण म्हणजे प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आमच्या वाचनालयात ही पुस्तकं एकदा मुलांच्या कपाटात लावलेली पाहिली. नायक शाळकरी आहे, मुखपृष्ठ तसंच, ग्रंथपालबाईंनी लावली. खरं तर ती मुलांची पुस्तकं नाहीत. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या एका मुलाच्या डोक्यात बसून मोठ्या माणसांनी वाचायची आहेत. तरीही मी नातीला एक गोष्ट वाचून दाखवली, कारण लंपनचे आकडे मला तिला ऐकवायचे होते. हा मुलगा काहीही हजारांनी मोजतो. साध्या गोष्टीला कितीतरी हजार कारणं, कुणाला कितीदा सांगितलं तर अमुक इतके हजार वेळा. नातीला यात विनोद दिसला नाही. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "मी पण आईला तेवढ्याच वेळा सांगितलंय." संत हे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, कराडला शिकवत, इंदिरा संतांचे चिरंजीव. दगडांची वयं काढायची सवय असलेल्या माणसाने आठवणींच्या थरांत हात घातला आणि एकही थर हलू दिला नाही. 'वनवास' 1994 मध्ये आलं. मी ते दरवर्षी काढतो आणि दरवर्षी त्याच पानावर चष्मा पुसतो. डायरीतला शेरा: 'कपाट बदलावे. पुस्तक तसेच राहू द्यावे.'

रशियन पुस्तकांबद्दल थोडक्यात. मॉस्कोच्या 'प्रगती' आणि 'रादुगा' प्रकाशनांची मराठी पुस्तकं आमच्या तरुणपणी प्रदर्शनात रद्दीच्या भावात मिळायची. गुळगुळीत जाड कागद, आत बर्फच बर्फ, समोवार, फरच्या टोप्या, आणि प्रत्येक माणसाला तीन नावं. मे महिन्यात घामाने निथळत मी त्या टोप्यांच्या गोष्टी वाचल्या आहेत. तो देशच पुढे मोडला. पुस्तकांची शिवण मात्र अजून शाबूत आहे, आणि तेवढ्यासाठी ती नातवाच्या हातात द्यायला मी भीत नाही.

'तोत्तोचान' सगळ्यांना ठाऊक आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोक्योतली शाळा, नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं हे पुस्तक नातीने एका बैठकीत संपवलं. शेजारच्या मुख्याध्यापकांनाही मी ते दिलं. त्यांनी परत केलं तेव्हा एवढंच म्हणाले, "चार तास! पटसंख्या काय होती त्यांची?" प्रश्न शिक्षकाचा आहे आणि चुकीचा म्हणता येणार नाही, ती शाळा जेमतेम पन्नास मुलांची होती.

माझं स्वतःचं वाचन या सगळ्याच्या आसपास, पण खालच्या फडताळावर चालतं. डोंबिवली ते मुंबई अशी नोकरी ज्यांनी केली त्यांचं निम्मं वाचन दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात होतं. समोरचा पान उलटतो तेव्हा आपलं वाक्य अर्ध्यावर असतं, आणि त्याला थांबा म्हणायची सोय नसते. त्या गर्दीत उभ्याने वाचायला बाबुराव अर्नाळकरांसारखा लेखक नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. झुंजार, काळा पहाड, धनंजय. छोटं पुस्तक, एका हाताने धरता येतं, आणि मुलुंड ते भायखळा एवढ्यात खुनी सापडतो. समीक्षकांनी त्यांची कधी फार दखल घेतली नाही. समीक्षक बहुधा लोकलने जात नसावेत.

मग 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 चं. सौभाग्यवतींची प्रत तेलाने पारदर्शक झालेली आहे. अनारशाच्या पानातून मागच्या पानावरची कृती वाचता येते. मला स्वयंपाक येत नाही, तरी मी हे पुस्तक रात्री झोपताना वाचतो. वाटी आणि चमचा ही दोनच मापं घेऊन बाईंनी अख्खा महाराष्ट्र शिजवला. वाक्यं छोटी, एक विशेषण जादा नाही, आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड किंवा खमंग. कुठल्याही कथालेखकाने ओघ कसा राखावा ते शिकायला 'रुचिरा'तल्या पुरणपोळीपर्यंत जावं. नात यातलं एकच वाचते: मागची सूची. सूचीत बोट ठेवायचं आणि "आजी, हे कर," म्हणायचं. पुस्तकाचा एवढा थेट उपयोग मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेला नाही.

कालनिर्णयची मागची बाजूही या फडताळावरच धरायला हवी. पुढे चतुर्थी, प्रदोष आणि दूधवाल्याचे खाडे. मागे एखादा लेख, एखादी पाककृती. हे साहित्य भिंतीकडे तोंड करून महिनाभर टांगलेलं असतं आणि त्याचा महिना संपला की वाचायला मिळतं. मार्चमधला उन्हाळ्याचा सल्ला मी एप्रिलच्या एक तारखेला, पान फाडल्यावर वाचतो, तोवर घामोळं आलेलं असतं. आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. 'सभेत खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली' हे वाक्य मी त्या सभेला स्वतः हजर असूनही दरवर्षी वाचतो. कल्पनाशक्तीचं बालवाङ्मयात काय चाललंय म्हणून चिंता करणाऱ्यांनी एकदा आमच्या सचिवांचं लेखन बघावं.

सध्या टेबलावर एकच पुस्तक प्रलंबित आहे, आणि ते माझ्या निवडीचं नाही. नातीने आणून ठेवलंय. जेरोनिमो स्टिल्टन नावाचा एक उंदीर आहे. व्यवसायाने वर्तमानपत्राचा संपादक, स्वभावाने भित्रा, आणि दर दोन पानांनी चीजची आठवण काढणारा. इंग्रजीत आहे. शब्द सरळ छापलेले नाहीत. भीतीचा शब्द थरथरतो, थंडीच्या शब्दावर बर्फ साचतो, काही लाल, काही हिरवे, काही पानभर वाकडे गेलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला जे जे टाळायला सांगितलं ते सगळं या एका पुस्तकात आहे. मी आठवड्यापासून पाचव्या पानावर आहे. शेजारी तिने वहीचं पान फाडून ठेवलंय, वर माझ्याच डायरीतून उचललेलं शीर्षक: 'स्मरणपत्र क्र. 2'. खाली लिहिलंय की आबाने उंदीर शनिवारपर्यंत वाचून परत करावा, लायब्ररीचा दंड आबा भरेल, आणि मी फास्टर फेणे ऐकताना मध्येच 'बास' म्हटलं होतं का ते आठवून बघावं.

समासात मी 'पाहिले' लिहून ठेवलं. ते तिला चाललेलं नाही.